सहा जानेवारीची माणसं

काय काम करता असं कुणी विचारलं, तर मी 'कॉम्प्युटरचं' एवढंच सांगते. डेटाबेस म्हटलं की लोक एक तर गप्प होतात, नाहीतर भाच्याला नोकरी मिळेल का ते विचारतात. गेली वीसेक वर्षं मी रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या तीन-चार कारखान्यांचे डेटाबेस सांभाळते आहे. एकटीच, ऐरोलीच्या घरातल्या मागच्या खोलीतून. गरज पडली तर रिक्षा करून जाते. स्वभावाने मी तुसडी आहे असं म्हणतात, आणि म्हणणारे खोटं बोलत नाहीत. लोकांच्या चुका मला पटकन दिसतात, आणि दिसल्या की तोंडात राहत नाहीत.

इथे सांगायची आहे ती चूक माझी आहे.

त्यासाठी कनेक्शन म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. प्रोग्रॅमला डेटाबेसमधून काही हवं असलं किंवा त्यात काही लिहायचं असलं, की आधी त्याला कनेक्शन उघडावं लागतं. काम झालं की ते बंद. दिवसातून हजारो वेळा हे चालतं. आणि प्रत्येक नव्या कनेक्शनला काही गोष्टी नव्याने सांगाव्या लागतात. आकड्यांत लिहिलेली तारीख आली तर पहिला आकडा दिवसाचा धरायचा की महिन्याचा. एखादी नोंद दुसरं कुणी धरून बसलं असेल तर किती वेळ थांबायचं. दुसऱ्याचं लिहून पुरं झालं नसेल तर ते वाचायचं की नाही. सांगितलेलं सगळं त्या कनेक्शनपुरतं असतं. ते बंद झालं की संपलं.

आमच्या सोसायटीचा नेहमीचा वॉचमन गावी गेला की एजन्सी बदली माणूस पाठवते, आणि तोही रोज वेगळा. कुठली गाडी कुठे, कचरेवाला कुठल्या गेटने, पाण्याचा पंप किती वाजता, हे त्याला रोज पहिल्यापासून सांगायचं. नाही सांगितलं तर तो आपल्या मनाने करतो. त्यात त्याचा दोष नसतो, आधीच्या सोसायटीत तेच बरोबर होतं. कनेक्शनचंही तसंच आहे. मी डेटाबेसच्या ज्या इंजिनावर काम करते ते ज्या देशात तयार झालं तिथे महिना आधी लिहितात, म्हणून काही न सांगितलेलं कनेक्शन महिना आधी धरतं. आपण तारीख आधी लिहितो. तेव्हा कनेक्शन उघडलं की पहिली ओळ तारखेची, हा माझा नियम. ज्यांना ज्यांना मी हे काम शिकवलं त्यांच्या डोक्यात मी तो हातोडीने बसवला आहे. एकाने तर मला सांगितलं होतं, मॅडम, मला स्वप्नात पण तुम्ही तीच ओळ विचारता.

गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरात शाईच्या कारखान्यातलं काम आलं. छपाईची शाई बनवणारा कारखाना, कामगार चारशेच्या आसपास, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. कामगारांच्या नोंदी तिथे हजेरी बघणाऱ्या टाइम ऑफिसच्या जुन्या फायलींत होत्या, त्या नव्या सिस्टिममध्ये आणायच्या होत्या. एकदाच करायचं काम. एकदाच करायच्या कामात माणूस ढिला पडतो, हे मी दुसऱ्यांना सांगत आले होते. छोटा प्रोग्रॅम लिहिला, माझ्या लॅपटॉपवर तपासला. दहा नोंदी घेतल्या, दहाच्या दहा नीट आल्या. मग तो कारखान्याच्या सर्व्हरवर चढवला आणि चालवला.

तारखेची ओळ मी लिहिली नव्हती. लॅपटॉपवर ती नसून चाललं, कारण तिथे मी माझ्या लॉगिनला कधीकाळी तारीख-आधीची सवय लावून ठेवली होती आणि लावली आहे हेच विसरले होते. सर्व्हरवर प्रोग्रॅम दुसऱ्या लॉगिनने चालला, त्याची सवय मूळची.

अशा वेळी काय होतं? पंधरा जूनला जन्मलेला माणूस आला, तर प्रोग्रॅम पंधरावा महिना शोधतो, तो सापडत नाही, आणि नोंद बाजूला पडते. बारापर्यंतची तारीख असेल तर मात्र अडचण येत नाही. दोन मार्चचा माणूस तीन फेब्रुवारीचा होऊन निमूट आत जातो. बाजूला पडलेल्यांची यादी निघाली ती दोनशेच्या वर गेली. ती मी टाइम ऑफिसच्या क्लार्ककडे दिली, हाताने भरायला.

हा क्लार्क तिथल्याच जुन्या गावातला. त्याच्या बापाच्या शेतावर आता कारखाने उभे आहेत, त्यातल्या एकात तो नोकरी करतो, आणि याबद्दल त्याला विशेष काही वाटत नाही. त्याने यादी वरपासून खालपर्यंत बघितली आणि म्हणाला, "मॅडम, महिन्याच्या पयल्या तारखांची मानसं सगली आत गेली. नंतरच्या तारखांचीच बाहेर रायलीत. असा कसा हाय?"

मी तेव्हा काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तुमच्या जुन्या फायलींत घाण आहे, ती माझ्या प्रोग्रॅमने बाहेर काढली. तुम्ही फक्त एंट्री करा."

तो बिचारा एंट्री करत बसला. स्क्रीनवरून भरताना उघडणारं कनेक्शन माझ्याच जुन्या प्रोग्रॅमचं होतं आणि त्यात तारखेची ओळ होती, त्यामुळे त्याने भरलेली प्रत्येक नोंद बरोबर गेली. चुकल्या त्या माझ्या प्रोग्रॅमने तक्रार न करता घेतलेल्या. दिवाळीच्या आत काम संपलं आणि मी त्यांना आणखी दोन सोयी करून दिल्या. एक, निवृत्तीला तीन महिने उरलेल्यांची पत्रं आपोआप निघावीत. दुसरी एचआरच्या साहेबांची हौस होती. कॅन्टीनच्या टीव्हीवर रोज आजचे वाढदिवस दिसावेत.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात साहेबांनी मला एक फोटो पाठवला. कॅन्टीनच्या टेबलावर हा एवढा मोठा केक, मागे टीव्हीवर नावांची लांबलचक यादी, आणि टेबलाभोवती दाटीवाटीने उभे असलेले कामगार. खाली लिहिलं होतं, 'तुमच्या सिस्टिममुळे आज आमच्याकडे एकतीस बर्थडे बॉय. केक पुरला नाही.' मी हसरा चेहरा पाठवला आणि कामाला लागले. एकतीस माणसं एका दिवशी जन्मलेली बघून जिच्या भुवया वर जात नाहीत, तिने डेटाबेस सांभाळू नये असं मी दुसऱ्या कुणाबद्दल नक्की म्हटलं असतं.

फेब्रुवारीत बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. बाबा ऐंशीच्या पुढचे. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून तरुणपणी इकडे आले, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत लागले, आणि तिथूनच रिटायर झाले. माझं बालपण दिघ्याला गेलं, ऐरोलीचा फ्लॅट मी नंतर घेतला. डोळ्यांत थेंब घालून बाबांना बाकावर बसवलं होतं आणि मी फॉर्म भरत होते. शेजारी एक बाई तिच्या सासऱ्यांचा फॉर्म भरत होती. तिने विचारलं, "दादा, तुमची जन्मतारीख सांगा."

"एक जून," सासरे म्हणाले.

बाबांनी डोळे मिटलेलेच ठेवून त्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. "कुठल्या गुरुजींचे तुम्ही?"

दोघं हसायला लागले. डोळ्यांतले थेंब गालावर आले म्हणून नर्स दोघांवर ओरडली. बाबांचीही एक जून. त्यांच्या वर्गातल्या सगळ्यांचीच. गुरुजी गावात फिरून पोरं गोळा करायचे. कुणाचा जन्म कधीचा हे आईबापांना सांगता यायचं नाही. पूर आला त्या साली, काळी गाय मेली त्याच्या आधी, असलं काहीतरी सांगायचे. शाळा जूनला सुरू व्हायची आणि नाव घालायला वय भरावं लागायचं. गुरुजी पोराकडे बघून साल ठरवायचे आणि पुढे एक जून लिहून टाकायचे. आमच्या घरी बाबांचा वाढदिवस कधी केला नाही. केक आणू का म्हटलं तर म्हणायचे, आणा, पण अख्ख्या गावाला पुरेल एवढा आणा.

मी फॉर्मवर ०१/०६ लिहिलं. आणि तिथेच माझा हात थांबला, कारण 'केक पुरला नाही' हे वाक्य मी कुठेतरी वाचलं होतं.

फोन काढून तो फोटो बघितला. सहा जानेवारी. महिना आधी धरला की ०१/०६ ची तीच तारीख होते. टेबलाभोवतीच्या माणसांत एकही तरुण चेहरा नव्हता. सगळे पन्नाशीच्या पुढचे, अर्धेअधिक पांढरे झालेले, केककडे जरा संशयाने बघणारे. बाबांना घरी आणलं, काळा चष्मा लावून बसवलं, आणि मागच्या खोलीत जाऊन कारखान्याचा डेटाबेस उघडला. एक जूनला जन्मलेले किती, असं विचारलं. एकही नाही, असं उत्तर आलं. खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांनी भरलेला कारखाना, आणि एक जूनचा एकही माणूस नाही. मग माझा ऑक्टोबरचा प्रोग्रॅम उघडला. पहिली ओळ असायला हवी होती तिथे दुसरीच ओळ होती.

त्या क्षणी मला पहिल्यांदा टाइम ऑफिसचा क्लार्क आठवला. मला लाज वाटली, आणि ती अजून पूर्ण गेलेली नाही.

नोंदी दुरुस्त करणं अवघड नव्हतं. ऑक्टोबरात प्रोग्रॅमने घेतलेल्या नोंदी कुठल्या ते माहीत होतं, मूळ फायली जागेवर होत्या. खरा प्रश्न होता तो मधल्या काळात या तारखांच्या जोरावर काय काय होऊन गेलं याचा. तपासलं. काहीजण कागदावर लहान झाले होते, त्यांना पुढे कधीतरी जास्तीचे महिने मिळाले असते आणि त्यांनी अर्थातच तक्रार केली नसती. काही मोठे झाले होते, पण त्यांची निवृत्ती लांब होती. एकच माणूस असा निघाला ज्याचं अठ्ठावन्नावं वर्ष त्या जानेवारीत भरलं होतं. मिक्सिंग खात्यातले ऑपरेटर. एकतीस जानेवारीला निवृत्त. एक तारखेचा जन्म असला की आधीच्या महिनाअखेरीला सोडतात, म्हणजे त्यांनी निघायला हवं होतं ते एकतीस मे रोजी. चार महिने बाकी असताना मी एका माणसाला घरी पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या साहेबांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नाही. पुण्याकडचा, चाळिशीतला, सगळं गोड बोलून निभावणारा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाकीच्यांचं करेक्शन करून टाका. आजच. कोणाला कळायची पण गरज नाही," तो म्हणाला.

"आणि मिक्सिंगवाले?"

"मामांना सेंड-ऑफ झाला मॅडम. शाल, श्रीफळ, फोटो. सगळ्या कागदांवर सही केलीय त्यांनी. एका शब्दाने बोलले नाहीत."

"बोलले नाहीत म्हणजे तारीख बरोबर होत नाही."

"त्यांना टेन्शन नाहीये, तुम्ही कशाला घेताय? परत घ्यायचं म्हणजे हेड ऑफिसला कळवावं लागणार. का, कसं, कोणाची चूक. ते मी तोंडी नाही सांगू शकत, तुमच्याकडून लेखी लागेल. आणि ते लेखी वर गेलं तर पुढच्या वर्षी काम तुमच्याकडेच राहील असं मी नाही सांगू शकत." मग खाली मान घालून पेन फिरवत म्हणाला, "विचार करा, एवढंच म्हणतोय."

मी विचार केला. केला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. बाहेर येऊन गेटपाशी उभी राहिले आणि मनाशी म्हटलं, खरंच त्यांना हवं असेल का? अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, शाईच्या वासात सगळा जन्म गेलेला, सुटला असेल. नको म्हणाले तर कुणाचंच काही अडणार नाही, माझंही नाही. त्यांना विचारायला जायचं मी ठरवलं त्यात हा स्वार्थही होता. टाइम ऑफिसमधून पत्ता घेतला. क्लार्कने लिहून दिला, आणि तेवढ्यात मी त्याला सांगून टाकलं की ऑक्टोबरात तुम्ही बरोबर होता. तो म्हणाला, "मना वाटलाच हुता," आणि पुन्हा रजिस्टरात बघायला लागला.

दिघ्याला रिक्षा मोठ्या रस्त्यावरच सोडावी लागते. आत गल्ल्या. मी लहानपणी राहिले ती गल्ली दोन वळणं सोडून होती, पण तिच्याकडे वळले नाही. खोलीचं दार उघडंच होतं. आत डाव्या भिंतीला चार खोकी बांधून ठेवलेली, दोरीने, पक्की. उजवीकडे लोखंडी पेटीवर वह्या पसरून एक मुलगी अभ्यास करत होती. मामा पंख्याचं पातं पुसत होते. फोटोत केकच्या डाव्या बाजूला उभे होते तेच.

"जयभीम," मी म्हटलं. "मी कंपनीतून आलेय. कॉम्प्युटरचं काम बघते."

"जयभीम, जयभीम. या मॅडम." त्यांनी खुर्ची पुसली. कुठलं गाव, वडील कुठे होते, दिघ्यात कुठे राहायचात, हे सगळं आधी झालं. पाणी झालं. त्यांच्या बायकोने चहा टाकला. मॅडमची ताई झाले. मग मी विषयाला हात घातला. तुमची जन्मतारीख मशिनमध्ये चुकीची चढली होती, असं सांगितलं. एक जूनची सहा जानेवारी झाली होती.

मामांनी माझ्याकडे बघितलं, मग चहाच्या कपाकडे. "चुकून?"

"हो. माझ्याकडून."

मुलीचं पेन थांबलं होतं.

"मला वाटलं, मशिननं शोधून काढली," ते म्हणाले. "आई म्हणायची, तू हुरड्याच्या दिवसातला. ज्वारी कणसात होती आन् थंडी अशी की बाळंतिणीपाशी दोन शेगड्या ठेवल्या होत्या. मी लहानपणापास्नं ऐकत आलोय. शाळेत गुरुजींनी जून टाकला. ते खोटंय हे आमाला माहीतच होतं की. मग नोव्हेंबरात कंपनीचं पत्र आलं, त्यात सहा जानेवारी. मी म्हटलं, घ्या. इतक्या वर्षांनी कुणाला तरी खरं कळलं."

"तुम्ही विचारलं का नाही?"

"कसं विचारू? खोटी तारीख माझीच होती. चार महिने जास्तीचे खाणार होतो असं झालं. गप सही केली."

मी पुष्कळ वर्षं चुका शोधण्याचं काम केलं आहे. चुकीची नोंद बघून तीच खरी म्हणून मान खाली घालणारा माणूस मी पाहिला नव्हता.

खोक्यांचं मीच विचारलं. खोली भाड्याची होती. त्यांचा सगळा हिशेब मेअखेरचा होता. मुलीची बारावीची परीक्षा, त्यानंतर नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा, मग मेमध्ये खोली सोडून नवराबायकोने गावी जायचं आणि मुलगी होस्टेलला. जानेवारीत काम सुटलं तशी खोली फेब्रुवारीअखेर सोडायचं ठरलं. मुलगी बारावीच्या परीक्षेपुरती कळव्याला मावशीकडे राहणार होती. मावशीच्या एका खोलीत आधीच सहा माणसं. पुढची परीक्षा गावाहून येऊन देऊ म्हणत होते, म्हणजे देणं होणार नव्हतं हे त्या खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं.

"तुम्हाला परत यायचंय का कामावर? मेपर्यंत?" मी विचारलं.

मामांच्या आधी मुलगी बोलली. वहीतून मान वर न करता म्हणाली, "येतील."

मामा हसले. "येतो की. पन मग ताई, खरी कुठली धरायची?"

"कागदावर एक जूनच."

"म्हंजी गुरुजींचीच." त्यांनी कप खाली ठेवला. "आन् जानेवारी काढून टाकनार?"

"काढावी लागेल. रकाना एकच असतो."

ते 'बरं' म्हणाले, पण जरा थांबून म्हणाले. मला दाराशी सोडायला आले तेव्हा म्हणाले की केक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचा खाल्ला होता. तीस जणांत वाटून, पण स्वतःच्या नावाचा.

त्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं. पान भरलं नाही. नोंदी आणणाऱ्या प्रोग्रॅमने कनेक्शन उघडताना तारखेचा क्रम सांगितला नव्हता, त्यामुळे अमुक इतक्या जन्मतारखा उलट्या झाल्या, त्यातून एका कामगाराला मुदतीआधी निवृत्त करण्यात आलं, प्रोग्रॅम मी लिहिला, कारखान्याच्या कर्मचाऱ्यांचा यात दोष नाही. टाइम ऑफिसच्या क्लार्कने ऑक्टोबरातच शंका विचारली होती आणि मी ती उडवून लावली, हेही लिहिलं. ते लिहायची गरज नव्हती. पण एकदा लिहायला बसल्यावर अर्धं लिहिणं मला जमत नाही. पत्र पाठवलं आणि बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायला बाहेर गेले.

"बाबा, आजी काय सांगायची? तुमचा जन्म खरा कधीचा?"

बाबांनी बोटांवर कसले तरी महिने मोजून बघितले. मग म्हणाले, "विचारायचं राहिलं."

हेड ऑफिसकडून काय काय विचारणा झाली ते साहेबाने मला सांगितलं नाही, आणि त्याच्या आवाजावरून मी विचारलंही नाही. पण मार्च उजाडायच्या आत मामांना बोलावणं गेलं. मी तोपर्यंत सगळ्या नोंदी जागेवर आणल्या होत्या. एकेक तारीख मूळ फायलीशी पडताळून, शेजारी क्लार्कला बसवून. तो वाचायचा, मी बघायची. मामांची नोंद आली तेव्हा त्याने वाचली, "एक जून," आणि मी सहा जानेवारी पुसली. चारशे नोंदींत तेवढी एकच पुसताना मला वाईट वाटलं.

एकतीस मेला मामा पुन्हा निवृत्त झाले. या वेळी समारंभ नव्हता, कारण शाल-श्रीफळ जानेवारीत देऊन झालं होतं आणि ते दोनदा देता येत नाही असं साहेबाचं म्हणणं पडलं. मामांनीच मिक्सिंगमध्ये पेढे वाटले. टाइम ऑफिसच्या क्लार्कने माझ्या वाटणीचा एक बाजूला ठेवला होता, तो मला चार दिवसांनी मिळाला, कडक झालेला. त्याच भेटीत साहेबाने सांगितलं की नव्या वर्षापासून सिस्टिमचं काम महापेतल्या एका मोठ्या फर्मकडे चाललं आहे. मी कागदपत्रं आणि पासवर्ड नीट हवाली केले, आणि वर एक पान लिहून दिलं. त्यावर पहिल्या ओळीत तारखेचंच होतं.

या जानेवारीत, सकाळी आठच्या सुमाराला, मी कुकर लावत असताना फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. मागे वारा, आणि कुणीतरी सुपात काहीतरी पाखडल्याचा आवाज.

"ताई, जयभीम. मिक्सिंगचा मामा बोलतोय. गावाकडून."

मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, हे त्यांनी आधी सांगितलं. होस्टेलचं जेवण बरं नाही पण ती तक्रार करत नाही, हेही सांगितलं. मग म्हणाले, "आज शेतात हुरडा भाजतोय. सगळ्यांना बोलावलंय. म्हटलं, तुमाला फोन करावा."

"आज काय विशेष?" मी विचारलं, आणि विचारता विचारता माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या सहा तारखेवर गेली.

"तुमीच दिलीत की ताई," ते म्हणाले. "तुमाला ठाव नाय?"

मी गॅस बारीक केला आणि त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.